मी उसवलेली शिवण

ही गोष्ट मी आठ वर्षं कुणालाच सांगितली नव्हती. मग एके दिवशी सांगितली. ज्यांना सांगायला हवी होती त्यांना, दारोदार जाऊन. पण तेव्हाही एक भाग मी गिळला. तो आजपर्यंत कुणाच्याच कानावर गेलेला नाही. तुम्हाला सांगते. तुम्ही माझे कोण? कुणीच नाही. म्हणूनच जमेल बहुतेक.

सुरुवात कपड्यांपासून करावी लागेल, कारण सगळं कपड्यांतूनच घडलं.

मी भिवंडीजवळच्या राहनाळची. घरी आई-बाबा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा दादा आणि मी. लहानपणी मला एकच कपडा आवडायचा — दादाचा जुना शर्ट. कॉलर मऊ पडलेली, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि छातीवर खिसा. त्या खिशासाठी माझा सगळा जीव. चिंचोके, खडूचा तुकडा, बसचं तिकीट, कधी कधी जिवंत नाकतोडासुद्धा. फ्रॉकला खिसा नसायचा. मी आईला विचारलं, का नसतो? आई म्हणाली, मुलीच्या जातीला खिसा कशाला, तिला काय ठेवायचं असतं? मला तर केवढं तरी ठेवायचं होतं!

बारा वर्षांची झाले आणि शर्ट गेले. आईने एका सकाळी सगळे गोळा करून पोछ्याला काढले. त्यानंतर पंजाबी ड्रेस, दोन्ही खांद्यांवर पिन मारलेली ओढणी. मी वाकले की ती पुढे, धावले की मागे. रुमाल कमरेला खोचायचा, पेन केसात. मी तक्रार केली नाही. तक्रार करून कपडे बदलतात हे तोपर्यंत मला माहीतच नव्हतं.

मग दादाचं लग्न झालं आणि कुंदा वहिनी आली.

वहिनी दिघाशीची. शांत. बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे कमी आणि अंगावरच्या कपड्याकडे जास्त बघायची. माहेरून तिने पायमशीन आणली होती. ती खिडकीपाशी बसवली आणि महिन्याभरात आमच्या आळीतल्या निम्म्या बायका तिच्याकडे ब्लाउज टाकायला लागल्या. मी तेव्हा नववीत. तिने मला काही विचारलं नाही. फक्त बघितलं की ही पोरगी रुमाल कमरेला खोचते, पेन केसात ठेवते आणि घरात कुणी नसलं की दादाचा शर्ट अंगावर चढवून आरशासमोर उभी राहते. हो, ते तिने पाहिलं होतं. मी लाजून मेले होते. आठ दिवसांनी मशीनवर एक घडी ठेवलेली दिसली, शाईच्या निळ्या रंगाची.

कुर्ता होता. पण कॉलरचा. पुढे पट्टी, बटणं, मनगटाला कफ, लांबी गुडघ्यापर्यंत. आणि दोन्ही बाजूंच्या शिवणीत, बाहेरून कळणारही नाहीत असे दोन खोल खिसे. मी हात घातले. कोपरापर्यंत आत गेले असतील, इतके खोल वाटले मला. वहिनी म्हणाली, “ठेव काय ठेवायचा ते.”

त्या कुर्त्यात मी पहिल्यांदा मला दिसले. कसं सांगू? आधीचे कपडे माझ्या अंगावर असायचे. हा माझा होता. मी चालायची ती वेगळीच चालायला लागले, हात खिशात, मान वर. दोन वर्षांत तिने मला तसे पाच कुर्ते शिवले. आई कुरकुरली, मग गप्प बसली, कारण वहिनीने तिला सांगितलं की अंग तर झाकतंय ना, मग काय.

इथपर्यंत मला लिहायला आनंद होतो. इथून पुढे माझा हात जड होतो.

अकरावीला मी शहरातल्या कॉलेजात गेले. पहिल्याच आठवड्यात एका मुलीने माझी कॉलर चिमटीत धरून विचारलं, “क्या रे, तेरे गोडाऊन का यूनिफॉर्म है क्या?” चार जणी हसल्या. राहनाळमध्ये तेव्हा शेतांच्या जागी गोदामं उभी राहायला लागली होती, त्यामुळे टोमणा बरोब्बर बसला. एवढंच. यापेक्षा जास्त काही झालं नाही. मारलं नाही, छळलं नाही. एका वाक्याला मी घाबरले. त्या मुली नंतर माझ्या मैत्रिणीही झाल्या. त्यांच्यासोबत बसायचं म्हणून मी कुर्त्यावर ओढणी घ्यायला लागले आणि पुस्तकं छातीशी धरून कॉलर लपवायला लागले.

वहिनीला हे माहीत नव्हतं.

बारावीत असताना काकाच्या मुलाचं लग्न ठरलं. आमच्या आगरी घरात हळद म्हणजे लग्नाहून मोठी. आख्खा गाव मांडवात. वहिनीने आळीतल्या नऊ बायकांचे ब्लाउज घेतले होते — हळदीचा एक, लग्नाचा एक. आणि त्या सगळ्या गडबडीतून वेळ काढून तिने माझ्यासाठी हळदीचा कुर्ता शिवला. मोहरीच्या रंगाचा. कफांवर तिने स्वतःच्या हाताने बारीक पिवळ्या दोऱ्याची वेल काढली होती. महिनाभर ती वेल काढत होती. डोळ्यांना पाणी यायचं तिच्या, तरी.

आणि माझ्याकडे मामाने आणलेला लाल घागरा होता. टिकल्यांचा, शोरूमचा. आई म्हणाली, घागरा लग्नाच्या दिवशी घाल, हळदीला वहिनीचा कुर्ता, तिने एवढा जीव लावलाय. बरोबरच होतं. पण कॉलेजच्या मैत्रिणी येणार होत्या त्या हळदीला. लग्नाला नाही.

नाही म्हणता आलं असतं ना मला? ‘वहिनी, मला आज घागरा घालायचाय’ — इतकं एक वाक्य. ती नाराज झाली असती, तासाभराने विसरली असती. पण मला चांगलंही राहायचं होतं. वहिनीला नको म्हणणारी मुलगी मला व्हायचं नव्हतं.

दुपारी सगळी बाहेर होती. मी आतल्या खोलीत कुर्ता उलटा केला. मशीनच्या खणात वहिनीचं ते दोरे कापायचं छोटं ब्लेड असायचं, ते घेतलं. डाव्या बगलेपासून खाली खिशापर्यंत एक एक टाका कापत गेले. शिवण घट्ट होती. वेळ लागला. कापून झाल्यावर टाक्यांची टोकं ओढून विसकटली, म्हणजे ब्लेडने नाही तर आपोआप उसवल्यासारखी दिसावीत. दोन-तीन टाके तसेच ठेवले. मग तो कुर्ता अंगात घालून अंगणात गेले. तिथे वहिनीसोबत बायका लसूण सोलत बसल्या होत्या. त्याच नऊ जणी. मी तोरणाची दोरी बांधायला हात वर केला.

शिवण टर्रकन गेली.

आणि मी म्हणाले — हे मी आधीच ठरवून ठेवलं होतं, आयत्या वेळी सुचलेलं नव्हतं — “वहिनी, कच्ची शिवण घातली होतीस का गं?”

वहिनी उठून आली. शिवण हातात धरून बघत राहिली. म्हणाली, पक्की घातली होती. मग तिचाच आवाज खाली गेला. म्हणाली, घाईत दोरा कच्चा लागला असेल. आणि तेवढ्यात बायजाकाकीने, आमच्या आळीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाईने, लसणाची पाटी खाली ठेवली, आपला हात वर केला आणि आपल्या ब्लाउजची बगल बघितली. तिचं बघून दुसरीने बघितली. मग तिसरीने. नऊ बायका हात वर करून आपापल्या शिवणी तपासत होत्या आणि मध्ये वहिनी उभी. “मांडवात आमची इज्जत काढशील तू,” बायजाकाकी म्हणाली. मी तिथेच होते. मला सगळं दिसत होतं.

आता तो भाग, जो मी कुणाला सांगितला नाही.

मला घागरा घालायला वहिनी आली. मागचे हुक तिने लावले, चुण्या तिने नीट केल्या. तिची बोटं थंड होती. आणि मला वाईट वाटत नव्हतं. लोक म्हणतात, पाप केलं की मन खातं. मला काही खाल्लं नाही. मी मांडवात गेले, मैत्रिणी म्हणाल्या, वा! मी नाचले. बेंजोच्या तालावर अशी नाचले की पायाखालची जमीन हलत होती. इतका आनंद मला आयुष्यात क्वचित झालाय. नाचता नाचता एकदा वहिनी दिसली, मांडवाच्या कडेला, पदर अंगाभोवती गुंडाळून. मी तिला हात केला. तिने हसून हात केला. आणि मी पुन्हा नाचायला लागले. ब्लेडपेक्षा मला हे जास्त आठवतं. नंतर मी बरंच कबूल केलं, पण मी सुखात होते हे नाही.

लग्नाच्या दिवशीचे ब्लाउज बायका परत घेऊन गेल्या, कुणी अर्धे शिवलेले, कुणी नुसतं कापड. दिवाळीपर्यंत वहिनीकडे एकही कपडा येईना. तिने एकदाही वाद घातला नाही. मशीनवर चादर आली. चादरीवर तांदळाचे डबे आले. ती खिडकीपाशी बसायची बंद झाली.

आणि मी? मी सगळं घातलं. टिकल्या, जाळी, टाइट टॉप, जीन्स. कॉलेजात जे चाललं ते माझ्या अंगावर आलं. फोटो बघितले तर मी त्या चार जणींतली कुठली ते मलाही पटकन कळत नाही. निळा कुर्ता माळ्यावर गेला. तो टाकवत मात्र नव्हता.

बी. कॉम. झाल्यावर मला घरापासून चालत दहा मिनिटांवरच्या एका गोदामात डिस्पॅचला नोकरी लागली. हातात चाव्या, मार्कर, चलनं, मोबाइल आणि गळ्यात ओढणी. एकदा ती ओढणी ढकलगाडीच्या चाकात गेली आणि मी अक्षरशः गाडीमागे ओढले गेले. मानेवर वळ उठला. त्या दिवशी घरी आले आणि शिडी लावून माळ्यावर चढले. निळा कुर्ता मिळाला. अंगात चढेना. पण खिशात हात घातले, आणि मला रडू आलं. म्हणजे आत्तापर्यंत मी कोण म्हणून फिरत होते?

कुर्ता घेऊन वहिनीकडे गेले. असाच शिवून दे म्हटलं, मोठा. तिने तो हातात घेतलाच नाही. म्हणाली, “बाहेर टाक कुणाकडे. माझ्या हातची शिवण उसवते.”

बघा, तेव्हा बोलता आलं असतं. दार उघडं होतं, ती समोर होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. मी काय केलं? लाडीगोडी लावली. डबे उतरवले, चादर झटकली, मशीनला तेल घातलं, तिचा हात धरून तिला बसवलं. आणि खरं बोलायचं ते टाळलं. मला वाटलं, असं केलं की ते फिटेल. मनातल्या मनात फिटलंही होतं माझं.

वहिनीने कुर्ता शिवला. बाजूच्या शिवणीवर दुसरी शिवण घातली, त्यावर तिसरी. खिसे आणखी खोल. मी तो घालून गोदामात गेले — कॉलर, कफ, एका खिशात चाव्या, दुसऱ्यात मोबाइल, हात मोकळे — आणि दुपारच्या सुट्टीत पॅकिंगच्या बायकांनी मला घेरलं. कुठून घेतला? खिसे दाखव! एकीने तर स्वतःचा हात माझ्या खिशात घालून बघितला. त्या बिचाऱ्या पाकीट पोलक्यात आणि कटर दातात धरून काम करत होत्या. आठवड्यात सहा कुर्ते सांगितले गेले. महिन्यात दुसऱ्या शिफ्टच्या बायका आल्या. मग शेजारच्या गोदामाच्या. माझ्यासोबत काम करणारी संगीता, बुद्धविहारामागे राहणारी, शिवण शिकलेली होती. ती सुट्टीच्या दिवशी वहिनीला मदत करता करता नोकरी सोडून तिच्याकडेच आली. पायमशीनच्या जागी मोटरच्या दोन आल्या, मग चार. कापड आपलंच, भिवंडीच्या लूमवरचं. तीन वर्षांत अशी वेळ आली की शिफ्ट सुटली की गोदामांच्या रस्त्याने बायकांची रांगच्या रांग निघायची, खिशात हात घालून, मान वर करून. मी गेटपाशी उभी राहून बघायचे. प्रत्येकीच्या अंगावर वहिनीचा हात. काय वाटायचं म्हणून सांगू! आणि मी स्वतः पुन्हा मी झाले होते. ‘वनिता म्हणजे कॉलर’ असं लोक म्हणायला लागले होते.

मग वहिनीने हमरस्त्यालगत गाळा घेतला. उद्घाटनाला सगळी आळी, सगळ्या गोदामांतल्या बायका. वहिनीला बोलायला उभं केलं. कुणीतरी विचारलं, तुमचा कपडा फाटतो पण शिवण उसवत नाही, हे कसं? वहिनी हसली. म्हणाली, “एकदा भर अंगणात माझी शिवण उसवली. तवापासून माझा माझ्या हातावर भरवसाच नाय. म्हणून तीनदा घालते.” सगळे हसले. मग ती म्हणाली की नणंद नसती तर मशीन अजून डब्यांखालीच असती. आणि मला पुढे बोलावून माझ्या खांद्यावर शाल घातली. टाळ्या. मी शाल घेतली. नारळही घेतला. नमस्कारही केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गाळ्यावर गेले. संगीता आणि बाकीच्या जेवायला गेल्या होत्या. वहिनी कापत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. ब्लेड, खण, बगल, ठेवलेले दोन-तीन टाके, ठरवून ठेवलेलं वाक्य.

तिची कात्री थांबली नाही. खडूची रेघ संपेपर्यंत तिने कापलं. मग कात्री ठेवली आणि स्टुलावर बसली.

“आठ वर्षं मी माझ्या हाताला दोष दिला, वनी,” ती म्हणाली.

मग तिने विचारलं, अंगणात तेव्हा कोण कोण होतं. मी नावं घेतली. नऊ. त्यातली एक वारली होती. वहिनी म्हणाली, “मला सांगितलास. आता त्यांना सांग.”

मी गेले. भर दुपारी, एकेक दार. आठ घरं. कुणी म्हणालं, एवढ्या जुन्या गोष्टी कशाला उकरतेस. कुणी दाराबाहेरच उभं ठेवलं. एकीने आपल्या सुनेला बोलावलं आणि मला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मी सांगितलं. शेवटचं घर बायजाकाकीचं. तिला आता कमी ऐकू येतं, म्हणून मला ते ओरडून सांगावं लागलं. शेजारच्या तीन घरांनी ऐकलं. काकी ऐकत राहिली. मग काठी मागितली. चप्पल मागितली. मला वाटलं मारते की काय. ती माझ्याकडे न बघता बाहेर पडली आणि चालायला लागली. मी चार पावलं मागे.

गाळा भरलेला होता. सगळ्या मशीन चालू होत्या, गिऱ्हाइकं उभी होती. काकी उंबऱ्यात उभी राहिली आणि तिने काठी आपटली. मशीन थांबल्या.

“कुंदा,” ती म्हणाली, “तुझी शिवण कच्ची नव्हती. मी तवा सगळ्यांच्या म्होरं बोलले व्हते. आज सगळ्यांच्या म्होरं परत घेतंय.”

वहिनी टेबलामागून बाहेर आली. वाकून काकीच्या पाया पडली. तिचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता, लग्नात नाही, उद्घाटनात नाही. पहिल्यांदा ती कपड्याकडे न बघता सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती, एकेकीच्या, सरळ. काकी म्हणाली, ब्लाउज शिवायचाय, माप घे. वहिनीने गळ्यातली टेप काढली. काकीने दोन्ही हात वर केले.

मी रस्त्यावरूनच पाहिलं. आत गेले नाही.

तेव्हापासून वहिनीच्या कपड्याला बाजूने एकच शिवण असते. एकही उसवलेली नाही. गिऱ्हाईक दुप्पट झालं आहे आणि दिघाशीच्या सहा मुली तिच्याकडे शिकायला येतात.

आमच्या घरात सगळं नीट आहे. आम्ही एका ताटात पापड मोडतो, सणाला एकत्र बसतो. माझे कुर्ते अजूनही त्याच गाळ्यात शिवले जातात. पण माझं माप आता संगीता घेते, कापते संगीता, शिवतेही संगीता. वहिनी तेवढा वेळ दुसऱ्या टेबलाशी असते. तिने कारण सांगितलेलं नाही. मी विचारलेलं नाही.